मायनर म्हणजे किरकोळ नव्हे

मरोळच्या आमच्या वस्तीत मागच्या जून महिन्यात एके रात्री शेजारचे भाऊ मुलीला घेऊन घरी आले. भाऊ सीप्झमध्ये वॉचमन आहेत. मुलगी बारावी पास झालेली, बी.ए.ला अर्थशास्त्र घ्यायचे ठरलेले. फॉर्म सगळा भरून झाला होता. फक्त एक रकाना रिकामा होता : मायनर विषय.

"दादा, ही मायनरची काय भानगड आहे? लोक म्हणतात, काहीही टाका, मायनरच तर आहे," भाऊ म्हणाले.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, यादीत स्टॅटिस्टिक्स आहे. पण मला गणिताची भीती वाटते."

आम्हाला आमचे बी.कॉम. आठवले. पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर होता. पास होण्यापुरती सूत्रे पाठ केली आणि परीक्षा संपताच वही रद्दीत घातली. पुढे कारकुनी लागली आणि रोज आकड्यांचेच तक्ते पुढ्यात येऊ लागले. तक्ता भरायचा आम्ही, त्याचा अर्थ सांगायचा साहेबांनी. ती चुटपुट अजून गेलेली नाही. म्हणून तो रिकामा रकाना आम्हाला किरकोळ वाटला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीला एक मेजर म्हणजे मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला एक मायनर विषय असतो. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यांतला मोठा वाटा मेजरचा असला, तरी मायनरचे नाव गुणपत्रिकेवर कायमचे राहते.

संख्याशास्त्रात शिकवतात तरी काय? सरासरी, मध्यक, सहसंबंध, संभाव्यता, नमुना निवड, निर्देशांक. नावे जड आहेत, पण गोष्टी आपल्या चाळीतल्याच आहेत. समजा, एका गल्लीत दहा घरे आहेत. नऊ घरांत महिन्याला १५ हजार रुपये येतात आणि दहाव्या घरच्या दुकानदाराला १ लाख ६५ हजार मिळतात. सरासरी निघते ३० हजार. कागदावर गल्ली सुखवस्तू झाली! पण कमाई चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा पाहिला, तर तो १५ हजारच आहे. त्याला मध्यक म्हणतात. सरासरी खोटी नाही, पण त्या गल्लीतल्या गरिबाचे दुःख ती झाकून टाकते. हे ज्याला कळते, त्याला कोणी नुसत्या आकड्याने गप्प बसवू शकत नाही.

नमुना निवडीचे तत्त्व आपल्या आयाबहिणींना पूर्वीपासून ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा! पण वरवरचे एक शीत दाबून चालत नाही, भात ढवळून मग शीत घ्यावे लागते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे याच शास्त्रात जगभर नावाजले. सगळे शेत न मोजता निवडक तुकड्यांची कापणी करून पिकाचा अंदाज कसा बांधायचा, यावर त्यांनी मोलाचे काम केले. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

आता आपल्या समाजाचा आकडा पाहा. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते २,४८७. १९६१ साली ते झाले २७,८९,५०१. दहा वर्षांत एवढी मुले जन्मली का? नाही. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस येऊन गेला होता आणि माणसांनी धर्माच्या रकान्यातले उत्तर बदलले होते. आकडा वाढला की कारण विचारायचे, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा आहे. २०११ नंतर रखडलेली जनगणना २०२७ ची ठरली असून तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. त्या आकड्यांवर पुढे कितीतरी वर्षे वाद होतील. ते वाचणारी मुले आपल्या घरात नकोत का?

नोकरीचीही बाजू आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर हे पद असते. त्यासाठी बारावीला गणितात ६० टक्के गुण हवेत, किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असायला हवा. म्हणजे बारावीचे गणित हुकले तरी हे दार उघडे राहते. पण त्याच परीक्षेतल्या स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर या पदासाठी हा विषय तिन्ही वर्षे, म्हणजे सहाही सत्रे शिकलेला लागतो. इथेच आपली मुले फसू शकतात. मायनर सगळीकडे पहिल्या सत्रापासून शेवटपर्यंत असतोच असे नाही. म्हणून पालकांनी कॉलेजात जाऊन स्पष्ट विचारावे : हा विषय कोणत्या सत्रापासून कोणत्या सत्रापर्यंत आहे? गुणपत्रिकेवर त्याचे नाव नीट येईल ना? आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका जपून ठेवावी.

राहिली गणिताची भीती. ती खरी आहे, तिला हसू नये. दहावीच्या गणितातले टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख आधी पक्के करावेत. रोज दोन उदाहरणे हाताने सोडवावीत. सूत्र पाठ करण्याआधी ते कशासाठी आहे हे विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते.

त्या रात्री मुलीने रकाना भरला. भाऊ दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून कॉलेजात चौकशीला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन गल्लीत फिरत होती. घरोघरची विजेची बिले लिहून घेत होती. भाऊंनी कौतुकाने विचारले, "आपलं बिल सरासरीपेक्षा कमी आहे ना गं?"

ती म्हणाली, "पप्पा, टोकाच्या घरी एसी आहे. सरासरी नका विचारू, मध्यक विचारा."