मन मोकळं केलं… पण गुण कशानं आला?

तुकोबांची पालखी पाटस सोडून रोटी घाटाला भिडली की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ तोच, रथ तोच. बळ वाढलं की चाकं चढायला लागतात. मग काउन्सेलिंगमध्ये मनाचा रथ कोण ओढतं? सल्ला? ऐकणं? की आणखी काही? शोध 80 वर्षांहून जास्त काळ चाललाय आणि हाती लागलेला माल एकदम झकास आहे!

माहीत आहे का? 1942 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं एका माणसाच्या काउन्सेलिंगच्या आठही भेटी शब्दन् शब्द छापल्या. टेपरेकॉर्डर कुठला, चक्क तबकड्या! दर तीन मिनिटांनी बाजू बदलायची. बंद खोलीतलं बोलणं पहिल्यांदाच असं पूर्ण बाहेर आलं.

अशाच रेकॉर्डिंगच्या अभ्यासात एक गंमत सापडली. सूचना देत सुटणारे काउन्सेलर, समोरच्याला बोलू देणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट शब्द वापरत होते. सहापट! काउन्सेलिंग की कीर्तन?

बरं, किती भेटींत फरक पडतो? 1986 च्या एका गाजलेल्या अभ्यासात 2,400 हून जास्त लोकांची माहिती तपासली. आठव्या भेटीपर्यंत सुमारे निम्म्यांना बरं वाटू लागलं होतं, 26 भेटींपर्यंत चारातल्या तिघांना. म्हणजे पहिल्याच भेटीनंतर ‘काही उपयोग नाही’ म्हणून उठू नका, राव!

आता आपल्या शेजारी, गोव्यात. हा किस्सा माझा सगळ्यात लाडका, म्हणून जरा सविस्तर. ‘संगथ’ संस्थेनं तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर प्रयोग केला. काउन्सेलर कोण? डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट नाहीत. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. भेटी सहा ते आठ. काम एकच : सुटून गेलेल्या, बरं वाटणाऱ्या गोष्टी माणसाला पुन्हा हळूहळू करायला लावायच्या. फिरणं, शेजारी जाणं, रखडलेलं काम हातावेगळं करणं. तीन महिन्यांनी हे काउन्सेलिंग मिळालेल्यांतले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. 2017 मध्ये निकाल ‘लॅन्सेट’मध्ये झळकला.

पण खरी मेख पुढे आहे. गुण कशानं आला, हेही संशोधकांनी मोजलं. वर्षभरानंतरही टिकलेल्या फायद्यातला अर्ध्याहून जास्त वाटा एकाच गोष्टीचा निघाला : माणूस उठून कामाला लागला! ‘हातपाय हलव, बरं वाटेल’ म्हणणाऱ्या आज्या काही अगदीच चुकत नव्हत्या. फरक इतकाच, की इथे कुणीतरी शेजारी बसून पहिलं पाऊल ठरवायला मदत करत होतं.

आणि दर्जा कोण तपासायचं? हे काउन्सेलर एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून चक्क मार्क द्यायचे!

नाशिकच्या पेठ तालुक्यातही असंच घडलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं तिथल्या 41 गावांत ‘आत्मीयता’ राबवलं. गावातलेच लोक मोबाइलवर फिल्म दाखवायचे आणि गावकऱ्यांशी बोलायचे. नावातच सगळं आलं!

कारण जगभरातला पक्का धागा आत्मीयतेचाच आहे. 2018 मध्ये 295 अभ्यास आणि 30,000 हून जास्त लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा काय दिसलं? काउन्सेलर आणि समोरचा माणूस, दोघांचं सूत जितकं चांगलं जुळतं, तितका गुण चांगला येतो. सूत म्हणजे कुठे जायचं, काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांवर भरवसा. पुन्हा रोटी घाट! बैलांनी एका दिशेनं ओढलं, तरच रथ वर.

आता धक्का. अमेरिकेत 550 जणांपैकी कोण आणखी खालावेल, असं थेरपिस्टना विचारलं. त्यांनी तीन नावं दिली. प्रत्यक्षात खालावले 40, आणि तिघांतला एकच अंदाज बरोबर! म्हणून दर भेटीला ‘आता कसं वाटतंय?’ हे साध्या फॉर्मवर त्या माणसालाच विचारायची पद्धत कामाची. तेव्हा तुमचा काउन्सेलर विचारो न विचारो, बरं वाटत नसेल तर तोंडावर सांगा.

आणि शेवटी एक नंबर. पाटसच्या नाक्यावर टोल लागतो, पण 14416 टोल-फ्री आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सरकारची मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ सेवा, 24 तास, मराठीतही. नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि घरातल्या एकाला तरी पाठवा.