दोर कोणी धरायचा?

परवा माझी पुतणी ऐटीत म्हणाली, "काका, आमचं क्लाइंबिंग आता ऑलिंपिकमध्ये आहे!"

मी हसलो. आमच्या तरुणपणी तैलबैल्याच्या कातळाला भिडणाऱ्यांना घरचे लोक वेडे म्हणत. आणि स्पर्धा तर जाणत्यांनाही नको होती. १९८५ साली फ्रान्समधल्या १९ नामवंत प्रस्तरारोहकांनी तसे पत्रकच काढले. गंमत अशी, की त्याच वर्षी इटलीत बार्दोनेक्क्याच्या कड्यावर स्पर्धा भरली आणि पुढे त्या १९ जणांपैकीच काहीजण स्पर्धांत उतरले!

मात्र ऑलिंपिकच्या दारात शिरायचे, तर खेळ मापात बसवावा लागतो. प्रत्येक कडा निराळा. मग तुलना कशी करणार? म्हणून कृत्रिम भिंत आली. वेगाच्या शर्यतीला तर उंची १५ मीटर आणि पकडींची मांडणी जगभर एकच. २०२१ मध्ये टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. २०२४ मध्ये पॅरिसला सॅम वॉटसन ती भिंत ४.७४ सेकंदांत चढला. तेवढ्या वेळात आम्हांला बुटाची नाडीही बांधता येत नसे!

"आणि दोर कोण धरतं ग?" मी विचारले.

"यंत्र, काका."

मी तळहाताकडे पाहिले. तैलबैल्यावर मित्र घसरला, तेव्हा दोर माझ्या हाती होता. कातडी सोलली; मित्र वाचला. त्याचे पदक नसते. पण आजही दिवाळीचा पहिला फराळ त्याच्याच घरून येतो.

पोरीने पदक जरूर आणावे. येत्या रविवारी मात्र मी तिला तैलबैल्याला नेणार आहे. दोर मी धरणार.