वर्षभराचे वाचन : बैलकुप्पेच्या विद्यापीठांचा धडा

परीक्षेपुरते केलेले वाचन परीक्षेबरोबरच संपते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पदवी मिळाल्यानंतर आपल्या विषयाबाहेरचे पुस्तक उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. नववर्षाच्या आरंभी अनेकजण वर्षभरात ठरावीक पुस्तके वाचण्याचा संकल्प सोडतात. परंतु तो बहुधा संख्येचा संकल्प असतो. काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि वाचलेले समजले किंवा नाही हे कसे पारखावे, या प्रश्नांचा विचार त्यात नसतो. कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात बैलकुप्पे येथे असलेल्या तिबेटी मठ-विद्यापीठांची अध्ययनपद्धती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

विस्थापितांची विद्यानगरी

१९५९ नंतर तिबेटमधून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने १९६० मध्ये बैलकुप्पे येथे सुमारे ३ हजार एकर जमीन उपलब्ध करून दिली. जंगल तोडून तेथे शेती आणि वस्ती उभी राहिली. १९६३ मध्ये नामद्रोलिंग मठाची स्थापना झाली. ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झालेले सेरा विद्यापीठ १९७० मध्ये सुमारे ३०० भिक्षूंनी येथे नव्याने सुरू केले. त्यापूर्वीची काही वर्षे त्यांनी बंगालमधील बक्सा येथील छावणीत अध्ययन चालू ठेवले होते. घर, भूमी आणि ग्रंथालये गमावलेल्या समाजाला विद्येची परंपरा टिकवता आली, कारण तिचा मोठा भाग मुखोद्गत होता.

वाचनाची रीत

सेरा येथील उच्च अध्ययन प्रामुख्याने पाच ग्रंथांभोवती गुंफलेले आहे. धर्मकीर्तीचे प्रमाणवार्तिक, मैत्रेयनाथांचा अभिसमयालंकार, चंद्रकीर्तीचा मध्यमकावतार, वसुबंधूचा अभिधर्मकोश आणि गुणप्रभाचे विनयसूत्र हे ते ग्रंथ होत. हे सर्व मुळात संस्कृत आणि भारतीय आहेत. यांपैकी काही ग्रंथांच्या मूळ संहिता भारतात दुर्मीळ झाल्या होत्या. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमध्ये शोधलेल्या हस्तलिखितांत प्रमाणवार्तिकाचाही समावेश होता.

या पाच ग्रंथांसाठी आणि त्यांवरील भाष्यांसाठी विद्यार्थी पंधरा-वीस वर्षे देतो. त्यानंतर ‘गेशे’ ही पदवी मिळते. मूळ पाठ प्रथम कंठस्थ करावयाचा, मग गुरूकडून अर्थ समजून घ्यावयाचा आणि अखेरीस वादाच्या प्रांगणात त्याची कसोटी लावावयाची, असा अध्ययनाचा क्रम आहे. उत्तर देणारा बसलेला असतो; प्रश्नकर्ता उभा राहून टाळी वाजवीत प्रश्न टाकतो. उत्तरेही ठरलेली असतात : ‘मान्य’, ‘का?’, ‘हेतू सिद्ध नाही’ किंवा ‘व्याप्ती नाही’. अर्धवट समजलेला मुद्दा अशा प्रश्नोत्तरांत फार काळ टिकत नाही.

परंपरेत नवी भर

तथापि, पद्धत कितीही कसदार असली तरी ग्रंथांचे वर्तुळ तेच राहिल्यास दृष्टी संकुचित होण्याचा धोका असतो. मठांतील अभ्यासक्रमात आधुनिक विज्ञानाला स्थान नव्हते. दलाई लामांच्या पुढाकाराने अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने २००६ मध्ये विज्ञानशिक्षणाचा उपक्रम आरंभिला गेला. २०१४ पासून सेरा येथे, तसेच मुंडगोड येथील द्रेपुंग आणि गांदेन या विद्यापीठांत सहा वर्षांचा अभ्यासक्रम लागू झाला. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, मेंदूविज्ञान आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान हे त्यातील विषय होत. त्यासाठी तिबेटी व इंग्रजी अशी द्वैभाषिक पाठ्यपुस्तके तयार करण्यात आली आणि उन्हाळ्यात काही आठवड्यांचे सघन वर्ग घेण्यात आले. सुमारे सहाशे वर्षांच्या अभ्यासपरंपरेतील हा मोठा बदल होता. विशेष म्हणजे, जुने ग्रंथ न वगळता तो करण्यात आला.

ज्ञानाची दारे भिक्षुणींसाठीही खुली झाली. ‘गेशे’शी समकक्ष असलेली ‘गेशेमा’ ही पदवी २०१६ मध्ये प्रथमच २० भिक्षुणींना प्रदान करण्यात आली.

आपल्या ग्रंथालयांसाठी

नोकरी, शेती किंवा संसार सांभाळणाऱ्या व्यक्तीला वीस वर्षे अध्ययनासाठी देता येणार नाहीत. एक वर्ष मात्र देता येईल. दररोज १० पाने वाचल्यास वर्षाला ३,६५० पाने, म्हणजेच सुमारे ३०० पानांची १२ पुस्तके वाचून होतात. त्यांतील निम्मी पुस्तके आपल्या क्षेत्राबाहेरची असावीत. शेतकऱ्याने इतिहास, शिक्षकाने अर्थशास्त्र, तर अभियंत्याने समाजशास्त्र वाचावे. यादी वर्षारंभीच निश्चित करावी आणि सोप्याकडून कठीणाकडे असा तिचा क्रम ठेवावा. वाचलेल्या प्रकरणाचा सारांश पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगण्याची सवय लावावी.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे सोबत. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. पुस्तके उपलब्ध करण्याचे कार्य अशा रीतीने पुढे गेले आहे. आता त्याला चर्चेची जोड हवी. ग्रंथालयाने पाच-सहा वाचकांचा गट करून महिन्यातून एकदा त्यांना एकत्र आणावे. एकाने पुस्तकातील मत मांडावे, इतरांनी त्यास कारणे विचारावीत आणि पुढील महिन्यात या भूमिका बदलाव्यात. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक खोली आणि ठरलेला दिवस पुरेसा आहे.

वाचनाने व्यासंग वाढतो, हे खरे. पण वाचलेल्याचा जाब विचारणारे कोणी असेल तेव्हाच तो खोलवर रुजतो. बैलकुप्पेच्या प्रांगणात ही व्यवस्था शिक्षणाचा अविभाज्य भाग आहे. आपल्या गावातील ग्रंथालयातही ती सहज निर्माण करता येईल.