वंशावळीचे गणित : शर्यतीच्या घोड्यांची पैदास आणि संख्याशास्त्र

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि एका वेळी तिला बहुधा एकच शिंगरू होते. ते वाढून दोन वर्षांचे होईपर्यंत शर्यतीत उतरत नाही. त्यामुळे कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवावी, हा निर्णय पैदास करणाऱ्याला फळ हाती येण्यापूर्वी जवळजवळ तीन वर्षे घ्यावा लागतो, आणि तोही मुख्यतः कागदावरील नोंदींच्या आधारे.

या नोंदी मात्र विपुल आहेत. शर्यतीच्या घोड्यांची जी ‘थरोब्रेड’ जात, तिची इंग्लंडमधील वंशनोंद ‘जनरल स्टड बुक’ या नावाने १७९१ साली प्रथम छापली गेली. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचे पितृकुल बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोहोचते. भारतातील थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यात ठेवली जाते. इतक्या पिढ्यांची छापील वंशावळ माणसांतही राजघराण्यांखेरीज क्वचितच आढळेल. एवढी सामग्री समोर असता तीवरून विजयाचे सूत्र शोधण्याचा मोह अनेकांना झाला, यात नवल नाही.

त्यांत सर्वांत प्रसिद्ध झाला तो ऑस्ट्रेलियातील ब्रूस लो. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८९५ साली प्रकाशित झाला. सेंट लेजर, ओक्स आणि डर्बी या तीन इंग्लिश शर्यतींतील विजेत्यांची मातृपरंपरा, म्हणजे आई, आजी, पणजी या क्रमाने, त्याने मूळ घोडीपर्यंत शोधून काढली. ज्या मूळ घोडीच्या वंशात सर्वाधिक विजेते निपजले, त्या कुळास त्याने पहिला क्रमांक दिला, त्यानंतरच्यास दुसरा, आणि अशा रीतीने ४३ कुळे क्रमवार लावली. पहिल्या पाच कुळांत धाव विशेष असते, तर काही ठरावीक कुळांतील घोडे उत्तम पिते होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. या क्रमांकांकडे पाहून अनेकांनी आपल्या घोड्यांच्या जोड्या ठरविल्या.

परिश्रम मोठे होते, पण पायाच कच्चा होता. लो याने विजेते मोजले, पराभूत मोजले नाहीत. समजा, एका कुळात २,००० शिंगरे जन्मली व त्यांतील २० विजयी झाली, आणि दुसऱ्या कुळात १०० जन्मली व २ विजयी झाली. लोच्या पद्धतीने पहिले कुळ दहापट श्रेष्ठ ठरेल. प्रत्यक्षात पहिल्यात विजेत्यांचे प्रमाण शेकडा १ आणि दुसऱ्यात शेकडा २ आहे. पहिल्या कुळाचा मोठेपणा त्याच्या वेगात नसून विस्तारात आहे. शिवाय वीस-पंचवीस पिढ्यांपूर्वीच्या घोडीचा वाटा वंशजाच्या रक्तात नाममात्रच उरतो. पुढे २००२ साली आयर्लंडमधील संशोधकांनी मातेकडूनच येणाऱ्या जनुकद्रव्याची तपासणी केली, तेव्हा काही कुळांच्या जुन्या नोंदींतच गल्लत असल्याचे दिसून आले. लोचे क्रमांक कुळांची ओळखचिन्हे म्हणून मात्र आजही वापरात आहेत.

फ्रान्समधील कर्नल व्हुइये याने विसाव्या शतकाच्या आरंभी निराळा मार्ग धरला. बाराव्या पिढीत प्रत्येक घोड्याच्या पूर्वजांची ४,०९६ स्थाने असतात. नामांकित घोड्यांच्या वंशावळींत ही स्थाने कोणी भरली आहेत हे त्याने मोजले, तेव्हा पंधरा घोडे आणि पोकाहॉन्टास ही एकच घोडी यांची नावे पुन्हापुन्हा आली. प्रत्येकाच्या रक्ताची एक प्रमाण मात्रा त्याने ठरविली. घोडीच्या वंशावळीत जी मात्रा उणी असेल, ती भरून काढणारा घोडा तिच्यासाठी निवडावा, असा त्याचा नियम होता. पुण्यातील महालामुळे मराठी वाचकांस परिचित असलेले तिसरे आगाखान यांनी आपल्या पैदाशीसाठी व्हुइयेचा सल्ला घेतला होता. १९३० ते १९५२ या काळात त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा डर्बी जिंकली. यावरून मात्रांचे गणित सिद्ध झाले असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. त्याच आगाखानांनी १९२२ साली मुमताज महाल ही घोडी ९,१०० गिनींना घेतली होती. एवढ्या किमतीची जनावरे ज्यांच्या पागेत आहेत, त्यांचे यश सूत्राचे किती आणि खरेदीचे किती, हे वेगळे करणे दुष्कर आहे. येथेही सामान्य घोड्यांची मोजणी राहूनच गेली होती. जे घोडे पिते म्हणून लोकप्रिय होते, त्यांची नावे पराभूतांच्या वंशावळीतही येणारच.

तथापि वंशावळीचे गणित सर्वस्वी निरर्थक नाही. १९२२ साली सूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंतःप्रजननाचे मापन दिले. आई व बाप यांचा एखादा पूर्वज समान असल्यास, बापापासून त्याच्यापर्यंतच्या पिढ्या आणि आईपासून त्याच्यापर्यंतच्या पिढ्या यांच्या बेरजेत एक मिळवावा आणि एकाचे तितक्या वेळा निम्मे करावे. २०१७ व २०१८ साली फ्रान्समधील आर्क शर्यत जिंकणाऱ्या एनेबल या घोडीचे उदाहरण घेता येईल. सॅडलर्स वेल्स हा घोडा तिच्या बापाचा आजा आणि आईचा बाप होय. दोन, एक आणि वरचा एक मिळून चार झाले. चार वेळा निम्मे केल्यास सोळावा हिस्सा, म्हणजे सव्वासहा टक्के येतो. कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती त्या घोड्याच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याचा हा संभव आहे. चांगल्या जनुकांबरोबर सदोष जनुकेही अशीच दुणावतात. एनेबलकडे पाहून अशी जोडी लावणाऱ्याने, तितक्याच अंतःप्रजननातून जन्मून मैदानापर्यंत न पोहोचलेली शिंगरेही मोजावीत.

पित्याची पारख त्याच्या सर्व संततीवरून करण्याची रीत अधिक भरवशाची आहे. ‘ब्लड-हॉर्स’ या अमेरिकन नियतकालिकाचे संपादक जो एस्टेस यांनी संततीच्या सरासरी कमाईची तुलना त्या वर्षी धावलेल्या सर्व घोड्यांच्या सरासरीशी करणारा निर्देशांक रूढ केला. सरासरीइतकी कमाई झाल्यास तो १ येतो. पण नामांकित घोड्याकडे घोड्याही निवडक येतात. मग श्रेय कोणाचे? त्यासाठी त्याच घोड्यांना इतर घोड्यांपासून झालेल्या शिंगरांची कमाई शेजारी मांडली जाते. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तरच पित्याचे काही श्रेय मानता येते.

या साऱ्या आकड्यांना एक मर्यादा आहे. प्रत्येक शिंगरास आईची निम्मी व बापाची निम्मी जनुके मिळतात. परंतु कोणती निम्मी, हे सोडतीसारखे ठरते. बोल्ड रूलर हा घोडा आणि समथिंगरॉयल ही घोडी यांना १९६९ साली ‘द ब्राइड’ ही शिंगी झाली. ती चार शर्यती धावली आणि एकीतही पहिल्या तिघांत आली नाही. १९७० साली त्याच जोडीपासून जन्मलेल्या सेक्रेटेरिएटने १९७३ साली अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकला. केंटकी डर्बीत त्याने नोंदविलेली १ मिनिट ५९.४ सेकंदांची वेळ अद्याप कोणी मोडलेली नाही. वंशावळीच्या कोणत्याही सूत्राने या सख्ख्या भावंडांना एकच गुण मिळतात. गॅफ्नी आणि कनिंगहॅम यांच्या १९८८ सालच्या अभ्यासानुसार, धावण्याच्या गुणवत्तेत घोड्याघोड्यांत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ३६ टक्के आनुवंशिक असतो; उरलेला आहार, शिक्षण, स्वार, दुखापती यांचा.

भावंडांतील भेद थोडाबहुत दाखविणारी चाचणी २०१० च्या सुमारास आयर्लंडमध्येच निघाली. स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकाची रूपे तपासून शिंगरू आखूड पल्ल्याचे होईल की लांब पल्ल्याचे, याचा अंदाज तिने बांधता येतो. ते जिंकेल की नाही, हे ती सांगत नाही.