प्रलय, छोट्याशा ब्रेकनंतर

वेंगुर्ल्यात लोक टीव्हीवर काय बघतात हे मला टीआरपीवाल्यांच्या आधी कळतं. त्यांना मोजायला यंत्र लागतं, मला फोन येतो. क्रिकेटचा सामना चालू असताना चित्र गोठलं की मिनिटभरात, आणि संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी वीज कडाडून अ‍ॅम्प्लिफायर उडाला की त्याहून लवकर. नव्वदच्या दशकात माडांवरून आणि खांबांवरून वायर ओढून हा केबलचा धंदा सुरू केला, तेव्हापासून माझं मोजमाप हेच. त्या हिशेबाने सांगायचं तर पृथ्वीचा अंत दाखवणाऱ्या कार्यक्रमासाठी मला आजवर कुणी तक्रारीचा फोन केलेला नाही. हिमनग कोसळता कोसळता केबल गेली तर माणूस शांतपणे दुसरं बटण दाबतो. तिथेही चित्र नसेल तर मात्र माझा नंबर फिरवतो.

याचा अर्थ लोक बघत नाहीत असा नाही. डिस्कव्हरी भारतात आलं १९९५ मध्ये, नॅशनल जिऑग्राफिक त्यानंतर तीनेक वर्षांनी. ही चॅनेल हिंदी बोलायला लागली तशी आमच्याकडे रुळली. वसुलीला दुपारचा गेलो की लोट्यावर आजोबा आरामखुर्चीत आणि समोर हरणामागे चित्ता, हे दृश्य ठरलेलं. चित्ता, मगर, नाग यांना वेंगुर्ल्यात कायमचं गिऱ्हाईक आहे. पण २००६-०७ नंतर याच पडद्यावर एक नवा माल येऊ लागला: पुढे काय होणार, हे सांगणारा. २००८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने तापमान एकेक अंशाने चढवत सहा अंशांपर्यंत नेलं आणि प्रत्येक पायरीवर काय काय बुडेल, जळेल, मरेल ते दाखवलं. त्याच वर्षी हिस्ट्री चॅनेलने माणूस अचानक नाहीसा झाला तर इमारती, पूल आणि धरणं किती वर्षांत ढासळतील याचा हिशेब मांडला. अमेरिकेत एबीसीने २ जून २००९ रोजी ‘अर्थ २१००’ दाखवला. त्यात ल्युसी नावाची एक काल्पनिक मुलगी त्याच दिवशी जन्माला येते आणि तिच्या म्हातारपणी जग मोडून पडलेलं असतं.

माणूस गेल्यावरच्या इमारती बघून आमच्या बंदरावरचे एक गिऱ्हाईक मला म्हणाले होते, “ह्या बघूक टीव्ही कित्याक होयो? डच वखारीकडे जा.” सतराव्या शतकातली ती वखार, भिंती फोडून आत शिरलेली झाडांची मुळं, पडलेलं छप्पर. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या गावाने डच, पोर्तुगीज, सावंत, इंग्रज असे सगळे येताना-जाताना पाहिले, त्याला संस्कृती कोसळते ही बातमी फारशी नवी वाटत नाही.

खरी घबराट मी पाहिली ती टीव्ही यायच्या आधी. जुलै १९७९, मी शाळेत होतो. स्कायलॅब ही अमेरिकेची सत्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली पडणार, कुठे ते नक्की सांगता येत नाही, अशा बातम्या रेडिओवर यायच्या. आमच्या वाडीत कोंबडे कापले गेले. उद्या मरायचंच तर खुराड्यात ठेवून काय करायचं, असा सरळ हिशेब. एकाने बियाण्याचं भातसुद्धा कांडून खाल्लं म्हणे. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरली. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने काय केलं ते मला फार नंतर कळलं आणि अजून हसू येतं. त्यांनी कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोठावला! भीती त्यांनाही वाटली असेल. पण त्यांच्याकडे पावती फाडायला कुणीतरी होतं. आमच्याकडे फक्त कोंबडे होते.

माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट कळते. तक्रार करायला नंबर नसला की माणूस आधी चिडतो, मग थट्टा करतो, आणि शेवटी चॅनेल बदलतो. जगबुडीच्या कार्यक्रमांचं नेमकं हेच होतं असं मला वाटतं. एबीसीचंच उदाहरण घ्या. ‘अर्थ २१००’च्या कितीतरी आधी, २० नोव्हेंबर १९८३ रोजी, याच एबीसीने ‘द डे आफ्टर’ दाखवला होता. तो माहितीपट नव्हे, चित्रपट. अणुयुद्धानंतरच्या कॅन्सस शहराचा. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी आधीच पाहून आपल्या डायरीत मन खिन्न झाल्याचं लिहून ठेवलं होतं. १९८७ च्या डिसेंबरात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह आणि रेगन यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या केल्या. सिनेमामुळे करार झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण त्या रात्री घाबरलेल्या प्रेक्षकाला एवढं ठाऊक होतं, की बटण दोघांच्या हातात आहे आणि त्या दोघांना नावं आहेत. ल्युसीची गोष्ट बघून घाबरलेल्याने कुणाचं दार ठोठवायचं?

यावर अभ्यासही झाले आहेत. अल गोर यांच्या ‘अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’च्या प्रेक्षकांना जेसिका नोलन या अमेरिकी संशोधिकेने थिएटरातून निघाल्याबरोबर गाठलं, आणि तो बघितलेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा महिनाभराने. तिचा अभ्यास २०१० मध्ये आला. बाहेर पडताना लोकांना माहिती अधिक होती, काळजी अधिक होती, काहीतरी करू असंही वाटत होतं. महिन्याने बघितलं तर ‘करू’ म्हणालेल्यांचं ‘केलं’ झालं नव्हतं. डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या ‘ब्लू प्लॅनेट २’ने प्लॅस्टिकविरुद्ध सगळी ब्रिटिश जनता पेटवली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. २०२० मधल्या एका प्रयोगात मात्र तो कार्यक्रम बघितलेल्यांचं ज्ञान वाढलेलं दिसलं, पण प्लॅस्टिकची वस्तू घ्यायची की दुसरी, ही निवड बदललेली दिसली नाही.

मला यात नवल वाटलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाचे नवे दर आले तेव्हा लोकांचं मन मी फॉर्मवर बघितलं आहे. १३० रुपये अधिक करात शंभर चॅनेल, वरची हवी ती निवडून घ्यायची. घरोघरी बसून खुणा करून घेतल्या. मालिका, बातम्या, क्रिकेट. मग बाई पेन थांबवून म्हणायची, “डिस्कव्हरी आसांदे, पोरांका बरां.” परीक्षा संपली की पोरांचं बरंही बंद व्हायचं. काढायच्या यादीत पहिला नंबर त्याचाच.

चिडणारेही भेटतात, आणि त्यांचा राग मला जास्त मोलाचा वाटतो. २००६ मध्ये बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की आहे तेच चालू राहिलं तर २०४८ पर्यंत जगातल्या मासेमारीचे साठे कोसळतील. ती तारीख माहितीपटांनी उचलली, आणि इतक्या वेळा घोकली की अजून चालू आहे. वर्म यांनीच टीकाकार रे हिलबॉर्न यांच्याबरोबर बसून २००९ मध्ये नवा निबंध लिहिला: जिथे मासेमारीवर नीट बंधन घातलं तिथे साठे सावरतात. हा दुसरा निबंध टीव्हीवर कुठे दिसत नाही. आता नवाबागेतल्या रापणकराला ‘२०४८ पर्यंत मासळी संपणार’ हे ऐकून काय वाटावं? मी विचारलं होतं. वाळूत बसून जाळं शिवत होता. सुई न थांबवता म्हणाला, “अठ्ठेचाळीसपर्यंत थांबता कोण? माजी रापण आजच रिकामी येता.” आणि मग पाऊण तास तो पर्ससीन जाळ्यांबद्दल, रात्री समुद्रात लावलेल्या एलईडी दिव्यांबद्दल, तारली कुठल्या महिन्यात यायची आणि आता कधी येते याबद्दल बोलला. त्याच्याकडे नावं होती, बंदरं होती, मत्स्य खात्याचं ऑफिस होतं. पारंपरिक मच्छीमार मोर्चे काढत राहिले म्हणून तर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनचे परवाने आणि हंगाम यांना लगाम घालणारा सरकारी आदेश निघाला. तो पाळला जातो का, हा वेगळा पाऊण तास.

मग आलं २०२१. १६ मे, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला सरकत होतं. आधी वीज गेली. मग माड मोडून खांबांवर आले, खांबांबरोबर माझी फायबर जमिनीवर आली, मग मोबाइलही मुके झाले. माझ्या कंट्रोल रूमचा इन्व्हर्टर दुपारपर्यंत तग धरून होता, पण बघणाऱ्याच्या घरात अंधार असेल तर सिग्नल पाठवून काय उपयोग? कितीतरी गावांत पुढे काही दिवस वीज नव्हती. पंधरा वर्षं पडद्यावर जे दाखवत होते ते दारात आलं, तेव्हा बघायला टीव्ही नव्हता, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा फोन वाजला नाही. पुढचे काही आठवडे मी शिडी घेऊन फिरत होतो, तेव्हा दारोदारी एकच प्रश्न: “ह्या आता दर वर्षाक येतला काय?”

माहितीपट या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, कारण त्यांना ग्रीनलंडला जायचं असतं. उत्तर पुण्यातून आलं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिलं, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी. पूर्वी हा समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा थंड असायचा. वादळाला लागणारी ऊब त्याच्याकडे क्वचित असायची. आता पाणी तापलं आहे. दर वर्षी येईलच असं नाही, पण पूर्वीसारखं आजोबांच्या आठवणीत एखादंच, असंही राहिलेलं नाही. २००९ चं फयान, २०१९ च्या दिवाळीतलं क्यार, मग तौक्ते. क्यारने कापणीला आलेलं भात शेतातच कुजवलं होतं, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

तौक्तेच्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, मुंबई महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल म्हणाले, की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय यांच्यासह दक्षिण मुंबईचा बराच भाग पाण्याखाली जाऊ शकतो. बातम्यांच्या चॅनेलना आयतं घबाड मिळालं. निळ्या लाटा, बुडणाऱ्या राजाबाई टॉवरची चित्रं, आणि मध्ये मध्ये छोटासा ब्रेक. दोन आठवड्यांनी गणपती आले आणि त्यांच्याबरोबर चाकरमानी. उभादांड्याला एका घरी बॉक्स बघायला गेलो होतो. आरती आटोपली होती, खळ्यात पानं मांडणं चाललं होतं. शेजाऱ्याने मुंबईहून आलेल्या पाहुण्याला डिवचलं, “मुंबय बुडतली म्हणतत. मगे आता गावाक येऊन रवतलस मा?” पाहुणा म्हणाला, “मी चौथ्या माळ्यार रवतंय. तुजा घर बघ, भरतीच्या पाण्याक लागान आसा.” सगळे हसले. आतून म्हातारी म्हणाली, “मंत्रालय बुडला तर आमचे सातबारे खंय गावतले?”

पुन्हा सगळे हसले. मी मात्र तो प्रश्न घेऊन घरी आलो. एका एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, अर्धी मुंबईत, काही दुबईत, कुणाचा पत्ताच नाही. समुद्राने घर खाल्लं तर भरपाई कुणाच्या नावावर? पंचनामा कोण करणार? इतक्या वर्षांत कुठल्याही निवेदकाने भविष्याबद्दल इतका कामाचा प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही. शहरातले काही लोक अशा हसण्याला अडाणीपणा म्हणतात. त्यांनी एकदा खळ्यात बसून ऐकावं.

आणि कामाला लागणं काय असतं तेही याच गावाने दाखवलं आहे. रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना घरोघरचा कचरा वेगवेगळा करून घेण्याची सक्ती झाली. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय झाली, मग बाहेरगावचे लोक आमचा कचरा डेपो बघायला येऊ लागले. त्यासाठी कुणी देवमाशाच्या पोटातलं प्लॅस्टिक दाखवलं नव्हतं. मिसळलेला कचरा गाडीवाला उचलत नव्हता, एवढंच. मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांना जंगल वाचवा म्हणून सांगायला कुठल्या चॅनेलची गरज उरलेली नाही. त्या स्वतःच सांगतात, तेही वल्हं मारता मारता.

केबल आता मरणपंथाला लागली आहे, मोबाइलने खाल्ली. जगबुडीही मोबाइलवर गेली. कॉम्प्युटरने बनवलेल्या लाटा गेटवे ऑफ इंडिया गिळतात आणि लोक ती क्लिप मला पाठवून विचारतात, खरां काय रे? पण माझ्याकडे अजून एक स्थानिक चॅनेल आहे. त्यावर दुकानांच्या जाहिराती, जत्रेचं चित्रीकरण, दशावतारी नाटकांच्या तारखा, आणि खाली सरकती पट्टी. तौक्तेनंतर त्या पट्टीवर मी भरती-ओहोटीच्या वेळा, हवामान खात्याचे इशारे आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज टाकायला लागलो. हैदराबादला समुद्र नाही, पण आमच्या समुद्राचा अंदाज तिथूनच येतो, याची बंदरावर भरपूर टिंगल झाली. पट्टीला ना संगीत, ना अ‍ॅटनबरोंचा आवाज. वीज गेली आणि पट्टी पहाटे दिसली नाही, की पाच वाजता पहिला फोन येतो, आणि बोलणारा नमस्कारही न करता विचारतो, “लाटो किती मीटर?”