सीमा नेमकी कुठे असते? कोलकाता-ढाका रेल्वेच्या निमित्ताने

कोलकाता ते ढाका हे रेल्वेचं अंतर साधारण ३७५ किलोमीटर. म्हणजे मुंबई-सोलापूरपेक्षाही कमी. तरीही २००८ साली मैत्री एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा सकाळी निघालेला प्रवासी दिवस मावळल्यावर पोचायचा. मग वेळ जायचा कुठे?

जायचा तो सीमेवर. भारताच्या बाजूला गेदे हे शेवटचं स्थानक आणि पलीकडे दर्शना हे पहिलं. गेदेला सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, बॅगा तपासून घ्यायच्या आणि परत गाडीत बसायचं. थोडं पुढे गेलं की दर्शनाला पुन्हा तेच. या गाडीने उपचारासाठी कोलकात्याला येणारे बांगलादेशी रुग्ण पुष्कळ. आजारी माणूस, सोबत म्हातारी आई, चार बोचकी, आणि दोनदा उतरायचं. विचार करा.

आता याचं गणित बघा. समजा गाडीत चारशे माणसं आहेत, दहा खिडक्या आहेत आणि प्रत्येक माणसाला दोन मिनिटं लागतात. म्हणजे ऐंशी मिनिटं. दोन्ही देशांची मिळून दोन तास चाळीस मिनिटं. यात मेख अशी, की पहिल्या मिनिटात मोकळा झालेला माणूसही शेवटच्या माणसासाठी थांबतो. रेल्वे सगळ्यांना एकत्र नेते, म्हणून ती सगळ्यांना एकत्र थांबवतेही.

पण हे नेहमी असं नव्हतं बरं का. १९४७ पूर्वी सियालदाहून गोआलंदोला गाड्या जात, तिथून स्टीमरने पुढे. मध्ये सीमाच नव्हती. फाळणी झाली तरी गाड्या चालू राहिल्या. पासपोर्ट आणि व्हिसा आले ते १९५२ च्या ऑक्टोबरात. १९६५ च्या युद्धात गाड्या थांबल्या आणि प्रवासी गाडी पुन्हा धावली ती थेट १४ एप्रिल २००८ ला, बांगलादेशातल्या नववर्षाच्या दिवशी. म्हणजे रूळ त्याच मुलखातले. बदलला तो प्रवाशाला विचारला जाणारा प्रश्न: तू कोण, आणि कशासाठी चाललास?

हा प्रश्न राज्यसंस्था विचारणारच. पण तो रेषेवरच विचारायला हवा का? नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात हेच केलं गेलं. दोन्ही देशांची तपासणी सीमेवरून उचलून टोकांना नेली: इकडे कोलकाता स्थानकात, तिकडे ढाका कॅन्टोन्मेंटला. प्रवास सुमारे तीन तासांनी कमी झाला. सीमा नकाशावर होती तिथेच राहिली; प्रवाशाच्या अनुभवातली सीमा मात्र फलाटाच्या दाराशी आली.

सुटला म्हणायचा प्रश्न? थांबा. एकदा तपासलेला माणूस न तपासलेल्यात मिसळता कामा नये. म्हणून गाडी वाटेत प्रवासी घेऊ शकत नव्हती, उतरवू शकत नव्हती. गेदेजवळ राहणाऱ्या माणसाच्या घराजवळून गाडी जायची, पण त्याला ढाक्याला जायचं तर आधी उलट दिशेने कोलकाता गाठावं लागायचं. रुळावरचं विमानच झालं म्हणा ना.

ही अडचण युरोपातही दिसते. युरोस्टार १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून धावते, आणि तिथे तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते. पण ब्रुसेल्सहून लीलपर्यंतचं तिकीट काढायचं आणि लीलला न उतरता लंडन गाठायचं, ही पळवाट लोकांनी शोधलीच. दुसरं उदाहरण. २०१८ च्या एप्रिलपासून लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट जाता येऊ लागलं. परत येताना मात्र ब्रुसेल्सला उतरून तपासणी करून घ्यावी लागे, कारण ॲमस्टरडॅमला ब्रिटिश तपासणीची सोय नव्हती. ती होऊन थेट परतीची गाडी सुटायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला. तेच रूळ, तेच डबे. अडलं होतं ते तपासणीच्या खोलीपाशी.

तिसरा मार्ग चालत्या गाडीतल्या तपासणीचा. हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग धावणाऱ्या आलेग्रोमध्ये अधिकारी डब्यांतून फिरून पासपोर्ट तपासत. त्यामुळे वेळही वाचे आणि वाटेतली स्थानकंही टिकली. पण यासाठी एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशाच्या हद्दीत गाडीत असणं मान्य करावं लागतं. आलेग्रो २०१० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, २०२२ च्या मार्चमध्ये थांबली.

तेव्हा तीन पर्याय झाले. रेषेवर थांबलात तर वेळ जातो. टोकांना तपासलंत तर वाटेतली माणसं सुटतात. चालत्या गाडीत तपासायचं तर शेजाऱ्यावर विश्वास लागतो. माझ्या मते तिसऱ्यातली अट पहिल्या दोन्हींतही आहे, फक्त लपलेली. २०२४ च्या जुलैत बांगलादेशात अशांतता उसळली आणि मैत्री, बंधन, मिताली या तिन्ही गाड्या थांबल्या. तपासणीच्या खिडक्या जागेवर होत्या, रूळही होते.

म्हणून अशा गाडीचं वेळापत्रक वाचताना एक बघत जा: ती किती वेगाने धावते यापेक्षा ती कुठे थांबते, आणि कुणासाठी थांबत नाही. सीमा नेमकी कुठे आहे, ते तिथे कळतं.

इथे थांबतो.