साधनं भाषांतर करत नाहीत

अ‍ॅप मराठीत आणायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आता टूल आहेत की! फाइल टाकायची, भाषा निवडायची, झालं.’ हा समज इतका पसरला आहे की त्यावर विसंबून केलेली मराठी आपण रोज वाचतो. तिकीट काढताना ‘पुणेहून साताराला’ दिसतं, गप्पांच्या अ‍ॅपमध्ये ‘सुनीता ग्रुपमधून बाहेर पडला’ असं दिसतं. हे खपवून घेण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि मला त्याचाच राग येतो.

पोएडिट, लोकलाइझ, वेबलेट, पॉन्टून ही साधनं मुळात भाषांतराची व्यवस्था लावतात. ग्नू गेटटेक्स्ट १९९५ मध्ये आलं, तेव्हापासून अनेक मुक्त प्रकल्पांची रीत साधारण एकच आहे. वापरणाऱ्याला दिसणाऱ्या वाक्यांवर प्रोग्रामर खुणा करून ठेवतो. साधन ती कोडमधून वेचून एका नमुना फाइलमध्ये काढतं, आणि तिच्यावरून प्रत्येक भाषेची पीओ फाइल तयार होते. तिच्यात वर इंग्रजी वाक्य असतं, खाली रिकामी जागा. ती जागा माणसानं भरायची. नाही भरली तर अ‍ॅप मोडत नाही, तिथे इंग्रजी वाक्य दिसतं. पुढच्या आवृत्तीत इंग्रजी वाक्य थोडं बदललं, तर साधन जुनं भाषांतर त्यापुढे ठेवतं आणि त्यावर ‘फझी’ अशी खूण करतं. माणसानं तपासून ती खूण काढेपर्यंत ते भाषांतर एरवी अंतिम फाइलमध्ये जातच नाही.

नव्या साधनांना यंत्रभाषांतर जोडता येतं, हे खरं. पण वेबलेटमध्ये ते केवळ सूचना म्हणून घ्यायचं, ‘तपासणी हवी’ अशा खुणेनं घ्यायचं की थेट भाषांतर म्हणून भरायचं, हे प्रकल्प चालवणारी माणसं ठरवतात. थेट भरायचं ठरलं की ‘पुणेहून’ जन्माला येतं.

साधन अशा चुका पकडत का नाही? कारण त्याच्या तपासण्या बाहेरून होतात: गावाचं किंवा माणसाचं नाव जिथे येणार तिथे ठेवलेली खूण भाषांतरात आहे का, शेवटचा पूर्णविराम राहिला का. ‘पुणे’ला प्रत्यय लागताना त्याचं ‘पुण्या’ होतं, हे त्या तपासणीला कळत नाही. खूण जागेवर आहे, म्हणून वाक्य बरोबर ठरतं. मराठी जाणणारा भाषांतरकार प्रत्ययच टाळून ‘कुठून: पुणे, कुठे: सातारा’ अशी रचना करतो. तसंच नावापुढे ‘यांनी ग्रुप सोडला’ असं लिहिलं की क्रियापद ग्रुपप्रमाणे चालतं, मग नाव सुनीताचं असो की सुनीलचं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत लिंगानुसार वेगळी रूपं देण्याची सोयही आहे, पण ती वापरायची हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

म्हणून ‘मराठी १०० टक्के पूर्ण’ हा आकडा पाहून हुरळू नका. तो भरलेल्या जागांचा आहे, त्यातली वाक्यं कशी आहेत ते त्याला ठाऊक नसतं.

भाषांतराच्या या कामासाठी प्रोग्रामिंग यायला हवं, हेही खरं नाही. फायरफॉक्सचं काम पॉन्टूनवर, लिबरऑफिसचं वेबलेटवर, मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर चालतं, आणि ते सगळं ब्राउझरमध्ये होतं.

आणखी एक समज: ‘हिंदीची फाइल थोडी बदलून चालेल.’ चालणार नाही. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन.

एकवचन-अनेकवचनाची रूपं सगळीकडे दोनच असतात, असंही कोडमध्ये गृहीत धरलेलं आढळतं. गेटटेक्स्टमध्ये जपानीला एकच रूप पुरतं, अरबीला सहा लागतात. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर त्या भाषेचा नियम लिहिलेला असतो.

आणि अंक-तारखा भाषांतरकारानं हातानं लिहायच्या नसतात. १२,३४,५६७ मधले स्वल्पविराम, देवनागरी अंक, महिन्यांची नावं ही माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या सामाईक कोशातून येते, आणि अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही तोच कोश वापरतात. मराठीची एखादी नोंद चुकलेली दिसली, तर ती एका अ‍ॅपमध्ये दुरुस्त करून भागत नाही. तक्रार या कोशाकडेच नोंदवावी. ती मान्य झाली की दुरुस्ती पुढच्या आवृत्त्यांबरोबर तो कोश वापरणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचते.